अंगठी आधी उलटी करून बघा

माझी भाची बर्मिंगहॅमला असते. लग्न ठरलं तसा तिचा फोन आला. "मावशी, मला नवी अंगठी नकोय. जुनी हवी, एडवर्डियन काळातली, प्लॅटिनमची. ऑनलाइन शेकड्यांनी दिसतायत. त्यातली खरी कुठली, ते तू सांग." माझं माहेर सराफाचं, त्यामुळे घरात दागिन्याचा विषय निघाला की फोन माझ्याकडेच येतो. पुढचे दोन महिने आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर अंगठ्या बघत होतो. समोरून, मागून, भिंगातून. हे सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, आता एकदा सलग लिहिते, कारण अशी अंगठी शोधणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत.

आधी हा एडवर्ड कोण ते बघू. मुंबईकरांना तो चांगला ठाऊक आहे, फक्त नावानं नाही. काळा घोडा भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, त्या घोड्यावर बसलेला स्वार म्हणजे हाच. प्रिन्स ऑफ वेल्स असताना तो १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची ती आठवण. १९६५ मध्ये पुतळा राणीच्या बागेत गेला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. परळच्या केईएम रुग्णालयातला 'ई'सुद्धा त्याचाच. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली आणि तो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. ६ मे १९१० ला तोही गेला. म्हणजे राज्य जेमतेम सव्वानऊ वर्षांचं. दागिन्यांच्या व्यापारात मात्र 'एडवर्डियन' हा शब्द पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत, १९१४-१५ पर्यंत, ताणला जातो. हे ताणणं चुकीचं नाही, कारण दागिन्याचा घाट राजाबरोबर मरत नाही. पण कुणी १९२५ ची अंगठी एडवर्डियन म्हणून दाखवायला लागलं, तर तिथे हात आखडता घ्यावा.

आता ती गोष्ट, जी भाचीला ऐकायला आवडली नाही. तिला हवी होती ती 'लग्नातली प्लॅटिनमची अंगठी', आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्नात बोटात घालायची अंगठी म्हणजे बहुतेक वेळा साधं सोन्याचं वळं असे. बावीस कॅरेटचं, नाहीतर अठरा कॅरेटचं. खडा नाही, नक्षी नाही. प्लॅटिनमचं काम असे ते वाङ्‌निश्चयाच्या अंगठीत, हिरे बसवलेल्या, बोटात मिरवायच्या अंगठीत. प्लॅटिनमची वळी तेव्हा अजिबात होत नव्हती असं नाही, पण ती थोडी. नाजूक फुलापानांची नक्षी कोरलेली जी प्लॅटिनमची वळी एडवर्डियन म्हणून विकली जातात, ती बहुतेक १९२० आणि ३० च्या दशकांतली असतात. पुरुषांचं तर विचारूच नका. इंग्लंड-अमेरिकेत नवऱ्यानंही लग्नाची अंगठी घालायची पद्धत सर्रास रुळली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. तेव्हा नवरा-नवरीची जुळी एडवर्डियन प्लॅटिनम वळी कुणी पुढे केली, तर पहिला प्रश्न जोडी जमली कशी, हाच विचारायचा.

प्लॅटिनम तेव्हाच का आलं, हे कळलं की अंगठी ओळखणं निम्मं सोपं होतं. हिरा पिवळ्या सोन्यात बसवला की त्याच्यात पिवळी झाक उतरते. म्हणून आधीचे कारागीर हिऱ्याचं कोंदण चांदीचं करत आणि पाठीला सोनं लावत, म्हणजे चांदीची काजळी बोटाला आणि कपड्याला लागत नसे. पण चांदी मऊ. हिरा नीट धरायचा तर ती जाड घ्यावी लागे, आणि काही दिवसांत ती काळी पडे. प्लॅटिनम पांढरं, काळं न पडणारं आणि चिवट. अडचण एकच, ते वितळायचं कसं. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, सोनं १०६४ ला, आणि प्लॅटिनम १७६८ ला. सोनाराच्या नेहमीच्या फुंकणीच्या ज्योतीला ते दाद देत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सिजन मिसळलेली तीव्र ज्योत कार्यशाळांमध्ये आली आणि ही अडचण दूर झाली. धातू येत होता मुख्यतः रशियातल्या उरल पर्वतातून, आणि हिरे दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींतून. दोन्हींचा पुरवठा, नवी ज्योत आणि पैसेवाले गिऱ्हाईक असं सगळं एकाच दशकात जुळून आलं.

मग कारागिरांनी काय केलं? धातूची अक्षरशः लेस विणली. केसाएवढ्या जाडीच्या पट्ट्या, सुरीच्या पात्यासारखी वर धार काढलेली तार, बारीक करवतीनं कापलेली जाळी. त्या जाळीत फुलांच्या माळा, धनुष्यासारख्या गाठी मारलेल्या फिती, लॉरेलची पानं. पॅरिसमध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीनं अठराव्या शतकातल्या फ्रेंच राजवाड्यांच्या नक्षीवरून ही माळांची शैली घडवली आणि ती लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत पसरली. आणि कडेनं सगळीकडे मिलग्रेन. मिलग्रेन म्हणजे धातूच्या कडेवर ओळीनं उठवलेले खसखशीहूनही बारीक दाणे. एक छोटं दातेरी चाक कडेवरून दाबत नेलं की ते उठतात. त्यामुळे धातूची सरळ रेघ मोडते, प्रकाश दाण्यादाण्यावर फुटतो आणि हिरा कुठे संपला नि धातू कुठे सुरू झाला ते कळत नाही. मला या काळाचं जे वेड आहे ते या दाण्यांमुळे. आपल्याकडची जुनी मोत्यांची नथ जवळून पाहिलीत तर तिथेही बारीक तारेच्या जोरावर सगळा डोलारा उभा असतो. कमी धातूत जास्त काम करून दाखवण्याची ती ईर्ष्या इथेही दिसते.

अंगठी सरळ रेघांची, चौकोन-त्रिकोणांची, पायऱ्यापायऱ्यांची दिसली तर ती बहुधा १९२० नंतरची, आर्ट डेको नावाच्या शैलीतली. ती वाईट नव्हे, फक्त वेगळी.

आता अंगठी उलटी करा. हे मी भाचीला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी ती विक्रेत्याला पहिला मेसेजच 'पाठीचा फोटो पाठवा' असा करायला लागली. एडवर्डियन काळातल्या पुष्कळ अंगठ्या पूर्ण प्लॅटिनमच्या नसतात. बोटाभोवतीची पट्टी आणि पाठ अठरा कॅरेट सोन्याची, आणि समोर हिऱ्यांखाली तेवढा प्लॅटिनमचा पातळ थर. बाजूनं पाहिलं की पिवळ्यावर पांढरी साय धरल्यासारखी रेघ दिसते. ही फसवणूक नाही, त्या काळची रीतच तशी होती. उलट ही पांढरी-पिवळी रेघ जुनेपणाची चांगली खूण आहे. फक्त तिची किंमत पूर्ण प्लॅटिनमची म्हणून लावलेली नसावी.

पाठीला आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक हिऱ्याच्या मागे कारागिरानं उजेड यावा म्हणून भोक कापलेलं असतं, आणि जुन्या कामात त्या भोकांच्या कडा करवतीनं आणि कानशीनं साफ केलेल्या असतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नीट घरं दिसतात, पण दोन घरं तंतोतंत सारखी नसतात. आजची नक्कल मेणाच्या साच्यावरून ओतलेली असते. तिच्यात जाळीच्या आतल्या कडा गोलसर आणि बोथट, धातूला बारीक छिद्रं, आणि सगळी घरं एकाच मापाची. दहापट मोठं दाखवणारं भिंग फार महाग नसतं. ते घ्याच. मिलग्रेनचे दाणेही त्यातून बघा. शंभराहून जास्त वर्षं बोटात असलेल्या अंगठीचे दाणे कुठेतरी झिजलेले असणारच, निदान तळहाताकडच्या बाजूला. सगळे दाणे नव्या कोऱ्या रव्यासारखे टोकदार असतील, तर एक तर ती अंगठी डबीतच राहिली, किंवा ती परवा ओतली.

एका विक्रेत्यानं भाचीला 'सन १९०५ च्या सुमाराची' म्हणून एक देखणी अंगठी दाखवली होती. फोटो समोरूनच. पाठीचा फोटो मागितल्यावर चार दिवसांनी आला आणि आतल्या बाजूला 'पीटी ९५०' असा शिक्का स्पष्ट दिसला. असे हजारात मोजणारे प्लॅटिनमचे आकडे एडवर्डच्या काळातल्या ब्रिटिश अंगठीवर नसतात. तिला वाईट वाटलं, कारण अंगठी तिच्या मनात भरली होती. मलाही वाटलं. पण शिक्क्याशी भांडता येत नाही.

शिक्क्यांचा हा विषय जरा नीट समजून घ्यावा लागतो, कारण इथेच बहुतेक लोक गोंधळतात. ब्रिटनमध्ये सोन्या-चांदीवर, कस तपासणाऱ्या सरकारमान्य कचेरीचा शिक्का मारायची पद्धत शेकडो वर्षांची आहे, पण प्लॅटिनमवर असा कायदेशीर शिक्का सुरू झाला १ जानेवारी १९७५ पासून. १९७३ च्या कायद्यानं. त्याआधीच्या ब्रिटिश प्लॅटिनमच्या अंगठीवर सरकारी प्लॅटिनम-शिक्का असणं शक्यच नाही. घडवणारा स्वतःच 'पी-एल-ए-टी' ही चार इंग्रजी अक्षरं ठोके, किंवा '१८ सीटी' आणि त्यापुढे 'प्लॅट'. काही वेळा तेही नाही. खडे बसवलेल्या अंगठ्यांना पुष्कळदा शिक्क्यातून सूट असे. म्हणजे शिक्का नाही म्हणून अंगठी खोटी ठरत नाही, आणि कचेरीचा आधुनिक शिक्का आहे म्हणून ती आपोआप नवीही ठरत नाही. जुनी अंगठी आज तपासून घेऊन तिच्यावर आजच्या वर्षाचा पूर्ण शिक्का मारता येतो. तो शिक्का तपासणीचं वर्ष सांगतो, घडणीचं नाही. विक्रेत्यानं हे आपणहून सांगितलं तर तो भरवशाचा समजावा. १९५० पूर्वीची वस्तू असेल आणि धातूचा कस पुरेसा असल्याचं विक्रेत्याला दाखवून देता येत असेल, तर ब्रिटिश कायदा ती शिक्क्याशिवायही प्लॅटिनम म्हणून विकू देतो. दाखवून देणं ही जबाबदारी त्याची. तेव्हा विचारायला संकोच करू नका.

फ्रेंच अंगठीवर प्लॅटिनमसाठी कुत्र्याचं मुंडकं कोरलेला इवलासा ठसा असतो. तो १९१२ पासूनचा. त्याआधीच्या फ्रेंच कामावर सोन्याचा गरुडाच्या मुंडक्याचा ठसाच बघायला मिळतो. अमेरिकी अंगठीवर प्लॅटिनमबरोबर इरिडियम या धातूचं दहा टक्के प्रमाण लिहिलेलं असेल, तर ती बहुधा पुढच्या दशकांतली.

साध्या सोन्याच्या वळ्यांची गोष्ट अगदी उलट आहे. लग्नाच्या सोन्याच्या अंगठीला, ती कितीही हलकी असो, ब्रिटनमध्ये १८५५ पासून शिक्का सक्तीचा होता. त्यामुळे एडवर्डियन वळ्याच्या आत सगळी कुंडली सापडते. घडवणाऱ्याची आद्याक्षरं, मुकुट आणि २२ किंवा १८ चा आकडा, कचेरीचं चिन्ह आणि वर्षाचं अक्षर. नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबळ्याचं डोकं असेल तर लंडन, गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार असेल तर चेस्टर. वर्षाचं अक्षर प्रत्येक कचेरीचं वेगळं चालतं, म्हणून आधी चिन्ह ओळखायचं आणि मग त्याच कचेरीचा तक्ता बघायचा.

पांढरा धातू दिसला म्हणून तो प्लॅटिनमच, असं नाही. पांढरं सोनं बाजारात रुळलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, जेव्हा नायट्रिक ॲसिड बनवण्यासारख्या युद्धाच्या कामांना प्लॅटिनम लागू लागलं. म्हणून 'एडवर्डियन, पांढरं सोनं' असं वर्णन वाचलं की माझ्या मनात लगेच शंका येते. अंगठी फारच चकचकीत आरशासारखी असेल तर तिच्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असू शकतो. दागिन्यांवर तो मुलामा १९३० च्या दशकापासून आला, आणि पिवळ्या झाळेची दुरुस्ती त्याखाली छान लपते. खऱ्या जुन्या प्लॅटिनमला राखाडी, साटीनसारखी झळाळी असते. ती हजारो बारीक ओरखड्यांची असते आणि मला ती पॉलिशपेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

खडे नसलेलं वळं असेल तर घरच्या घरी एक तपासणी करता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यायचा. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग अंगठी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून धरायची, तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही. काट्यावर जो आकडा येईल तो अंगठीनं हटवलेल्या पाण्याचा. अंगठीचं वजन त्या आकड्यानं भागायचं, येईल ती घनता. प्लॅटिनमची घनता २१ च्या आसपास, अठरा कॅरेट पांढऱ्या सोन्याची साधारण १५ ते १६, दागिन्याच्या चांदीची १० च्या थोडी वर. म्हणजे पाच ग्रॅमचं वळं प्लॅटिनमचं असेल तर काटा सुमारे ०.२४ दाखवेल, पांढरं सोनं असेल तर ०.३२ च्या जवळ, चांदी असेल तर ०.४८. खडे असले किंवा सोनं-प्लॅटिनम एकत्र असलं की हे गणित कोलमडतं. तिथे क्ष-किरणांच्या यंत्रावरच तपासून घ्यावं. मोठ्या सराफांकडे ते असतं आणि अंगठीला ओरखडाही येत नाही.

हिऱ्यांकडे वळू. आजचा गोल हिरा ज्या मापांनी कापतात ती मापं मार्सेल टोलकोव्स्कीनं १९१९ मध्ये मांडली. त्याआधीचे हिरे हातानं, डोळ्यांच्या अंदाजानं पैलू पाडलेले. वरचा सपाट भाग लहान, माथा उंच, आणि खालचं टोक छाटलेलं. त्यामुळे वरून बघताना बरोबर मध्ये एक बारीक गोल दिसतो, भोकासारखा. तो दोष नाही, वयाचा दाखला आहे. हे हिरे मेणबत्तीच्या आणि नव्यानं आलेल्या विजेच्या मंद उजेडात मोठे मोठे ठोकळे फेकल्यासारखे चमकतात. अंगठीत मधला हिरा आधुनिक कापाचा आणि बाजूचे जुने असतील, तर मधला बदललेला आहे. तसं असेल तर घेऊ नये असं मी म्हणणार नाही, पण भाव खाली आला पाहिजे.

माणकाबद्दल एक गंमत वाटावी अशी खरी गोष्ट आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नाईनं ज्योतीत वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. हे खडे लगेच दागिन्यांत आले. त्यामुळे अस्सल एडवर्डियन अंगठीत अस्सल त्या काळचं कृत्रिम माणिक असू शकतं. भिंगातून त्यात वाकड्या, धनुष्याकार रेघा आणि क्वचित हवेचे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक माणकात वाढीच्या रेघा सरळ असतात. अंगठी जुनी असली तरी किंमत मात्र नैसर्गिक माणकाची द्यायची नाही.

आपल्या घरात दागिना घेताना पहिला प्रश्न असतो, आजचा भाव काय आणि मोडीत किती येतील. या अंगठ्यांना तो प्रश्न लागूच पडत नाही. तीन-चार ग्रॅम धातू असतो, त्याची मोड ती किती येणार? पैसे जातात ते घडणावळीला, आणि ते हात आता नाहीत. म्हणून इथे सगळ्यात महाग पडते ती झीज. बोटाखालची पट्टी कागदासारखी पातळ झालेली असेल तर ती बदलावी लागते. हिरा धरणाऱ्या नख्या झिजल्या असतील तर पहिल्याच हिवाळ्यात हातमोज्यात अडकून हिरा जातो. पांढऱ्या पट्टीवर कुठे पिवळट किंवा शिशासारखी मळकट झाळ दिसली, तर कुणीतरी स्वस्तात डाग देऊन काम उरकलंय असं समजा. माप एखाददुसऱ्या अंकानं बदलता येतं. पूर्ण गोलाकार नक्षी असेल तर तेही करू नये, नक्षी तुटते. आणि दुरुस्ती प्लॅटिनमचं काम रोज करणाऱ्याकडेच. सोन्याचा उत्तम सोनारही इथे चुकू शकतो, ज्योतच वेगळी लागते.

खरेदी कुठून करायची ते प्रत्येकाच्या सोयीवर. लंडनचं हॅटन गार्डन आहे, भाचीच्या दाराशीच बर्मिंगहॅमचा ज्वेलरी क्वार्टर आहे, दोन्ही तिथले सराफबाजार. लिलावात हातोडा पडला त्या रकमेवर लिलावघराचं कमिशन चढतं, ते पाव हिश्शाच्या घरातही जातं, म्हणून बोली लावताना तो आकडा आधीच मनात धरावा. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू साधारणपणे १४ दिवसांत परत करता येते. पावतीवर 'एडवर्डियन शैली' नको, 'एडवर्डियन, सुमारे अमुक साल' असं लिहून घ्या. 'शैली' हा एक शब्द आला की शंभर वर्षं गळून पडतात.

भारतातून अशी अंगठी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईत सापडलेली जुनी अंगठी लंडनच्या लेकीला कुरिअरनं पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

भाचीनं शेवटी दोन अंगठ्या घेतल्या. साखरपुड्यासाठी अठरा कॅरेट आणि प्लॅटिनमची, तीन जुन्या हिऱ्यांची, बाजूनं पांढरी-पिवळी रेघ दिसणारी. मिलग्रेन एका अंगाला पार गुळगुळीत झालंय. आणि लग्नासाठी, प्लॅटिनमचा हट्ट सोडून, बावीस कॅरेटचं साधं वळं. आत नांगराचा शिक्का, १९०८ चं अक्षर, आणि अगदी पुसट कोरलेली दोन नावांची आद्याक्षरं. दोन्ही एकाच बोटात घालू नकोस, हिऱ्यांच्या अंगठीच्या घासण्यानं वळ्याचं मऊ सोनं झिजेल, असं मी तिला सांगितलंय. वळं डाव्या हातात, हिऱ्यांची उजव्या.